युद्धास्त्रांचा विषारी वारसा आणि न्यायप्राप्तीचा मार्ग : एक विवेचन

प्रस्तावना :
भंडारा हा धानाचा व तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. एकोडीसारख्या गावाच्या परिसरात धानाच्या बांधीतील रुंद पानांच्या तणासाठी '२,४-डी' हे तणनाशक परिचयाचे आहे. हेच रसायन '२,४,५-टी' या दुसऱ्या तणनाशकात मिसळून अमेरिकेने व्हिएतनाम युद्धात वापरले. पिंपांवरील नारिंगी पट्ट्यामुळे त्या मिश्रणास 'एजंट ऑरेंज' हे नाव पडले. युद्ध १९७५ मध्ये संपले. त्याच्या विषाबाबतचे खटले मात्र पुढे अनेक दशके चालले. प्रस्तुत लेखात या खटल्यांचे स्वरूप, त्यांतील अडथळे आणि भारतीय कायद्यातील तरतुदी यांचा परामर्श घेतला आहे.

विषाचे स्वरूप :
१९६२ ते १९७१ या काळात सुमारे ७ कोटी लिटरांहून अधिक तणनाशके दक्षिण व्हिएतनामवर फवारली गेली. शत्रूला आडोसा देणारी जंगले निष्पर्ण करणे हा एक हेतू होता. भातपिके नष्ट करून अन्नपुरवठा तोडणे हा दुसरा हेतू असून त्यासाठी आर्सेनिकयुक्त 'एजंट ब्लू' वापरले गेले. '२,४,५-टी' तयार होताना डायॉक्सिन हा अनिष्ट उपघटक निर्माण होतो. तो माती व गाळात दीर्घकाळ टिकतो आणि मासे, बदके यांच्या चरबीतून मानवी शरीरात पोहोचतो. त्यातील सर्वांत विषारी प्रकार कर्ककारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जाहीर केले.

न्यायालयीन लढा :
अमेरिकी सैनिकांनी उत्पादक कंपन्यांविरुद्ध केलेला दावा १९८४ मध्ये १८ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. १९९१ च्या कायद्याने विशिष्ट आजार सेवेमुळेच जडले असे गृहीत धरण्याची सवलत माजी सैनिकांना मिळाली. म्हणजेच कार्यकारणसंबंध सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरून उतरला.

व्हिएतनामी पीडितांना ही सवलत नव्हती. त्यांच्या संघटनेने २००४ मध्ये न्यूयॉर्क येथे दाखल केलेला दावा न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी १० मार्च २००५ रोजी फेटाळला. तत्कालीन आंतरराष्ट्रीय कायद्यात तणनाशकांचा असा वापर निषिद्ध नव्हता, असे त्यांचे मत होते. अपील न्यायालयाने २००८ मध्ये हा निर्णय कायम ठेवला व २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. फ्रान्समध्ये त्रान तो न्गा या व्हिएतनामी वंशाच्या महिलेने २०१४ मध्ये कंपन्यांविरुद्ध दावा केला. कंपन्या अमेरिकी सरकारच्या आदेशानुसार वागल्या, म्हणून त्यांनाही राज्याची न्यायिक प्रतिरक्षा लाभते, असे एव्री न्यायालयाने २०२१ मध्ये ठरविले. पॅरिसच्या अपील न्यायालयाने २०२४ मध्ये तेच मान्य केले.

दा नांग विमानतळावरील दूषित मातीवरील प्रक्रिया अमेरिकी साहाय्याने २०१८ मध्ये पूर्ण झाली, हे खरे. तथापि मदत आणि दायित्वाची कबुली या भिन्न गोष्टी आहेत. मदत देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते, तर दायित्वातून पीडिताला हक्क प्राप्त होतो.

भारतीय संदर्भ :
भारताने १९९७ मध्ये आपल्याकडील रासायनिक अस्त्रांचा साठा घोषित केला व २००९ मध्ये त्याचा नाश पूर्ण केला. परंतु दारूगोळ्याची जोखीम युद्धाशिवायही असते. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे २०१८ मध्ये जुना दारूगोळा नष्ट करताना झालेल्या स्फोटात ६ जण मृत्युमुखी पडले. भंडाऱ्यातील जवाहरनगर आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात ८ कामगारांचा बळी गेला. स्फोटाची हानी तत्काळ दिसते, विषाची मात्र वर्षानुवर्षांनी. म्हणूनच तिची दाद मागणे कठीण ठरते.

याबाबत भारतीय कायदा काही अंशी पुढे आहे. एम. सी. मेहता खटल्यात (१९८६) सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगावर अपवादरहित संपूर्ण दायित्व लादले. निलाबती बेहरा खटल्यात (१९९३) मूलभूत हक्कांचा भंग झाल्यास सार्वभौम प्रतिरक्षेचा बचाव चालणार नाही, असे स्पष्ट झाले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० नुसार दोष सिद्ध न करताही भरपाई मागता येते. मात्र तीसाठीचा अर्ज दाव्याचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सामान्यतः ५ वर्षांच्या आत करावा लागतो. वीस वर्षांनी प्रकटणाऱ्या आजाराच्या बाबतीत ही मुदत अपुरी ठरू शकते.

निष्कर्ष :
कार्यकारणसंबंधाचा पुरावा, राज्याची प्रतिरक्षा आणि काळाची मर्यादा हे या लढ्यातील तीन प्रमुख अडथळे होत. त्यांपैकी पहिल्यावर व तिसऱ्यावर स्थानिक पातळीवर उपाय शक्य आहे. शस्त्रनिर्मिती वा दारूगोळा नष्ट करण्याच्या स्थळांलगतच्या गावांत विहिरी, तलाव व मातीची नियमित तपासणी व्हावी. आजारांची व जन्मतः व्यंगांची नोंद ठेवली जावी आणि या नोंदी ग्रामपंचायतीत सर्वांस उपलब्ध असाव्यात. व्हिएतनाममध्ये फवारणी झाली तेव्हा प्रत्येक गावाच्या पाण्याचे व रक्ताचे नमुने कोणी जपले नव्हते. नंतरच्या पिढीला त्या उणिवेची किंमत न्यायालयात मोजावी लागली.