विश्लेषण : ‘आमचे पूर्वज पानिपतावर लढले’... घराण्याची आख्यायिका विनामूल्य कशी तपासायची?

‘आपले मूळ आडनाव वेगळे. पानिपतानंतर पूर्वज इथे आले आणि गावावरून आडनाव पडले,’ ही कथा अनेक मराठी घरांत लग्नकार्यात हमखास निघते. ती पडताळण्याची काही साधने आता मोबाइलवर फुकट मिळतात. मात्र कथा मोडण्याचीही तयारी हवी.

सुरुवात कुठून?

पानिपतापासून नव्हे, आजोबांपासून. लढाई १४ जानेवारी १७६१ ची. पिढी २५ ते ३० वर्षांची धरली, तर आजवर नऊ-दहा पिढ्या होतात. घरच्या वंशावळीत पाचच नावे असतील आणि सहावा थेट सदाशिवरावभाऊंच्या फौजेत असेल, तर मधली चार माणसे गळाली आहेत. आधी ती शोधावीत. जुन्या फेरफारातील वारसनोंदी, शाळेचा दाखला आणि गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, इथे कामी येतात. कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये हीच दप्तरे उघडली गेली.

तीर्थक्षेत्रातील वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील उपाध्यायांच्या वह्यांत यजमानाचे गाव, वडील, भाऊ, मुले यांची नोंद असते. कोणी अस्थी घेऊन गेला असेल, तर दोन-तीन पिढ्या एकाच पानावर सापडतात. ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर हरिद्वारसह काही ठिकाणच्या अशा वह्यांची छायाचित्रे आहेत. खाते विनामूल्य उघडता येते. सगळ्या वह्या तिथे नाहीत, तेव्हा नाशिकची फेरी चुकेलच असे नाही. जाताना मूळ गावाचे नाव पक्के हवे, नुसत्या आडनावावर शोध अडतो. त्याच संकेतस्थळावरील सामायिक वंशवृक्ष कोणीही बदलू शकतो, म्हणून त्याला पुरावा मानू नये.

पानिपताचे काय?

गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ ४५ खंडांत आहेत. त्यात सरदार, पथके, कारभारी भेटतात. साधा शिपाई क्वचितच. त्यामुळे नाव नाही म्हणजे कथा खोटी, असे होत नाही. उलट ‘जाधव’ किंवा ‘शिंदे’ दिसले म्हणून तो आपलाच पणजोबाचा पणजोबा, हेही नाही. गाव आणि वडिलांचे नाव जुळले तरच धागा जुळला.

कथेत इनाम जमिनीचा उल्लेख असेल, तर नशीब बरे. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी केली तेव्हा हक्क कोणाकडून कोणाकडे आला, हे घराण्यांना सांगावे लागले. त्या काळचे कागद पाहायला पुणे पुराभिलेखागारात जावे लागते आणि जुने कागद बहुतेक मोडीत असतात. मोडी वाचणाऱ्याकडे नेताना पूर्ण पानाचा फोटो न्यावा. फक्त आडनावाची ओळ कापून नेली, तर तारीख आणि गाव मागेच राहतात.