सेल्फ ‘गेला’ म्हणण्याआधी

खानदेशात ‘स्टार्टर मोटर’ हा शब्द फक्त बिलावर भेटतो. तोंडात असतो तो ‘सेल्फ’. सेल्फ मारला, सेल्फ उचलत नाही, सेल्फ गेला. जुनी फियाट, ॲम्बेसेडर किंवा विलिज जीप दारात जपून ठेवलेल्या माणसाला यातल्या तिसऱ्या वाक्याची धास्ती असते. कारण सेल्फ ‘गेला’ असे एकदा ठरले, की मूळ सेल्फ भंगारात जातो आणि त्या जागी भलत्याच गाडीचा, कानस मारून बसवलेला, येतो. गाडी सुरू होते, पण तिच्या अंगातला एक अवयव कायमचा जातो. आणि गंमत म्हणजे पुष्कळदा त्या बिचाऱ्याला काही झालेलेच नसते.

हा सेल्फ आला कुठून? चार्ल्स केटरिंग या अमेरिकन गृहस्थाने तो बनवला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाडीत तो प्रथम बसला. केटरिंग आधी कॅश रजिस्टरच्या कारखान्यात होता, आणि गल्ल्याचे यंत्र विजेवर चालवण्याची युक्ती त्याचीच. बँकेत हयात गेलेल्या मला हे वाचून भारी आनंद झाला होता. गल्ल्याच्या मोटरला दिवसभर फिरायचे नसते. क्षणभर जोर लावायचा आणि गप्प बसायचे. सेल्फचेही तेच. म्हणून दहा सेकंदांच्या वर तो दाबून धरू नये, आणि पुन्हा मारण्याआधी त्याला जरा दम खाऊ द्यावा. आपल्याकडे नेमके उलटे होते. गाडी रुसली की माणूस हट्टाला पेटतो.

नोकरीत वसुलीच्या दौऱ्यांमुळे जीपशी माझा जवळचा संबंध आला. जळगावहून पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जाताना ती कुठेही बसकण मारी. धुळ्यात सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे गाड्यांची नाडी जाणणारे मिस्त्री तिथे भरपूर. त्यांतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मला एका वाक्यात सगळे शास्त्र सांगितले : “साहेब, मोटर मरेल नही, तिले खावाले भेटत नही.”

खायला का मिळत नाही, ते बघा. दोन्ही हेडलाइट मिळून आठ-दहा अँपिअर वीज खातात; सेल्फला मात्र दीडशे-दोनशे लागते. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल, तर त्या चिंचोळ्या वाटेतून दिव्यापुरते पाणी जाते, पुराचे जात नाही. म्हणून ‘दिवे लागतात, म्हणजे बॅटरी ठीक’ हा निष्कर्ष फसवा. खरी परीक्षा अशी : हेडलाइट लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. दिवे एकदम विझले तर टर्मिनल सैल किंवा घाण. हळूहळू मंद झाले तर बॅटरी उतरलेली, नाहीतर सेल्फ कुठेतरी अडकलेला. दिव्यांना काहीच फरक पडला नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही. स्विच, वायर किंवा आतले कार्बन बघा. आणि सेल्फ घूं करून मोकळाच फिरला, इंजिन ढिम्म, तर दोष बेंडिक्सचा. त्याला ग्रीस फासणारे महाभाग आहेत. ग्रीसवर धूळ बसते आणि आपल्याकडे धुळीला तोटा नाही. रॉकेलने धुऊन कोरडा ठेवला की तो सुतासारखा सरळ येतो.

दात रिंगमध्ये अडकून बसले असतील तर किल्ली बंद करून गाडी टॉप गिअरमध्ये टाकावी आणि मागेपुढे हलवावी. खट्ट आवाज येऊन सुटते.

आपला उन्हाळाही यात भागीदार आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो, बॅटरीतले पाणी आटते आणि आतल्या प्लेटा उघड्या पडतात. बॅटरी मरते ती उन्हाळ्यात. तिचा बारावा आपण घालतो डिसेंबरच्या थंडीत, कारण घट्ट झालेल्या ऑइलशी झगडताना ती उघडी पडते.

हौशी लोकांच्या गाड्यांत एक खास रोग दिसतो. गाडी उघडून, घासून, आरशासारखा रंग देतात, आणि नंतर सेल्फ उचलत नाही. इंजिनपासून चासीला जाणारी अर्थची पट्टी त्या सुंदर रंगावरच कसलेली असते! रंगातून वीज जात नाही. बोल्टखालचा रुपयाएवढा रंग खरवडला की काम झाले. तसेच मूळच्या सहा व्होल्टच्या जीपला बारा व्होल्टवाल्या गाडीची बारीक केबल लावतात. व्होल्ट निम्मे म्हणजे तेवढ्याच कामाला अँपिअर दुप्पट. केबल जाडच हवी.

2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे आली. नोंदणी शुल्क वीस हजार. एवढे पैसे मोजून मूळ सेल्फ दीड-दोनशे रुपयांत भंगारात घालणे मला तरी हिशेबात बसत नाही.

उघडावा लागलाच, तर आधी कार्बनची लांबी बघा, मग टोकाचे बुश. बुश झिजला की आर्मेचर खाली बसून घासते. गार असताना कसेबसे चालते, इंजिन तापले की जाम. नवा बुश कुठल्याही लेथवाल्याकडे अर्ध्या तासात कातून मिळतो. फक्त जुना सोबत न्या, आणि सेल्फच्या अंगावरची नंबरपट्टी त्याला घासू देऊ नका.