अपघातांची खतावणी

तालुक्याच्या गावातल्या अपघाताची बातमी कशी असते, हे आता आपल्याला पाठ झाले आहे. ट्रक नेहमी ‘भरधाव’ असतो, चालकाचा ‘ताबा सुटलेला’ असतो, दुचाकीस्वार ‘जागीच ठार’ होतो आणि परिसरात ‘हळहळ’ व्यक्त होते. गेलेला तरुण असला तर त्याच्यावर ‘काळाने घाला’ घातलेला असतो. त्या जागी दिवा होता का, रस्त्याच्या कडेला बंद पडलेली ट्रॉली किती वेळ उभी होती, दुभाजक कोणी फोडला, मुलाच्या डोक्यावर हेल्मेट होते का, यांतले काहीच त्या आठ ओळींत मावत नाही. काळ हा असा आरोपी आहे, की त्याच्यावर खटला चालवता येत नाही. त्यामुळे त्याच्या नावावर प्रकरण टाकले, की बाकीचे सगळे सुटतात.

पोलिसांतल्या फिर्यादीची भाषाही फार वेगळी नसते. ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून’ हे शब्द ठाण्यातल्या लिहिणाऱ्या हाताला इतके सवयीचे झालेले असतात, की घटना कोणतीही असो, वाक्य तेच उमटते. गावोगावच्या अशा नोंदींची मग बेरीज होते आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ सालातले ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर पडतात. वेग हे मोठे कारण आहे, यात शंका नाही. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला, तर प्राणघातक अपघाताची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण सगळेच वेगाच्या खात्यावर टाकले, की बाकीची खाती कोरी राहतात. बँकेत आम्ही अशा खात्याला ‘सस्पेन्स खाते’ म्हणत असू. ज्या नोंदीचे काय करायचे ते कळत नाही, ती तूर्त तिथे टाकायची आणि पुढे सवडीने छडा लावायचा. फरक इतकाच, की बँकेत वर्षाकाठी हिशेबतपासनीस येतो आणि ते खाते रिकामे करायला लावतो. रस्त्यांच्या बाबतीत असा तपासनीस फिरकत नाही.

२०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली. म्हणजे दिवसाला ४६२, तासाला १९. महाराष्ट्रातले मृत्यू १५,२२४. आपल्या डोळ्यांपुढे अपघात म्हटले, की द्रुतगती मार्गावर चुराडा झालेली मोटार येते, कारण छायाचित्र तिचे छापून येते. प्रत्यक्षात मेलेल्या दर शंभरांतले ४४ ते ४५ जण दुचाकीवरचे होते आणि १९ ते २० जण पायी चालणारे. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश माणसांभोवती पत्र्याचे संरक्षणही नव्हते. शंभरांतले ६८ मृत्यू ग्रामीण भागात झाले. आणि ६६ जण १८ ते ४५ या वयातले होते, म्हणजे ज्यांच्या कमाईवर घर चालते त्या वयातले.

या आकड्यांत लहान गाव नेमके कुठे बसते? ते ना धड शहर असते, ना धड खेडे. कराडचे उदाहरण घेऊ. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाचे हे गाव. २०११ च्या जनगणनेत नगरपालिका हद्दीतली वस्ती ५४ हजारांच्या आतबाहेर. पण गावात राहणारे थोडे आणि रोज गावात येणारे फार. पुणे-बंगळूर महामार्ग उशाशी. चिपळूणचा रस्ता कुंभार्ली घाट चढून येतो, विट्याचा पूर्वेकडून येतो. आसपास साखर कारखाने, नदीपलीकडे विद्यानगरची महाविद्यालये, मलकापूरला मोठे रुग्णालय. ऊस, विद्यार्थी, रुग्ण, बाजाराला आलेला शेतकरी आणि केरळापर्यंत जाणारा मालट्रक, या सगळ्यांना एकाच सुमारास एकाच नाक्यावरून जायचे असते. संगमनेर असो, माणगाव असो, नाव बदलले तरी चित्र हेच.

महामार्ग पूर्वी दुपदरी होता, तेव्हा समोरासमोरची धडक हे त्याचे ठरलेले दुखणे. या शतकाच्या सुरुवातीला सुवर्ण चतुष्कोन योजनेत तो चौपदरी झाला, मधे दुभाजक आला आणि समोरून अंगावर येणारे वाहन थांबले. मात्र दुखणे गेले नाही, त्याने जागा बदलली. घर रस्त्याच्या अलीकडे आणि विहीर पलीकडे, अशी कितीतरी कुटुंबे महामार्गालगत आहेत. दिवसातून चार वेळा जायचे, तर वळायची सोय दीड-दोन किलोमीटरवर. मग कोणी दुभाजकावरून वैरणीचा भारा घेऊन उतरतो, कोणी दुचाकी उलट्या बाजूने घालतो. एखादा ढाबेवाला रात्रीत दुभाजकाला भगदाड पाडतो. त्या माणसाला बेशिस्त म्हणणे सोपे आहे, आणि तो बेशिस्त असतोही. पण जिथे दिवसाला दोनशे माणसे नियम मोडून ओलांडतात, तिथे भुयारी वाट हवी होती, हे रस्ताच आपल्याला सांगत असतो.

याच सातारा जिल्ह्यात खंबाटकीचा बोगदा उतरल्यावर इंग्रजी ‘एस’सारखे वळण आहे. १० एप्रिल २०१८ च्या पहाटे कर्नाटकातून कामाला निघालेल्या मजुरांचे वाहन तिथे उलटले आणि १८ जण गेले. चालकाचा ताबा सुटला, हे खरेच होते. पण एकाच जागी इतक्या वेगवेगळ्या चालकांचे ताबे सुटत असतील, तर जागेचीही चौकशी व्हायला हवी. त्या वळणाला बगल देणारे नवे बोगदे त्यानंतरच्या वर्षांत खोदले गेले. वळणाचा दोष मान्य झाला, याचाच तो पुरावा.

गळीत हंगाम सुरू झाला, की आणखी एक धोका रस्त्यावर उतरतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ताशी १५-२० किलोमीटरने चाललेला असतो. मागच्या बाजूला उसाच्या मोळ्या बाहेर आलेल्या. दिवा नाही, असलाच तर पाचटाखाली झाकलेला. ट्रॅक्टरवर गाणी इतक्या मोठ्याने लावलेली, की मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही. मागून दुचाकीवर ताशी ६० किलोमीटरने येणारा मुलगा सेकंदाला साडेसोळा मीटर पुढे सरकतो. समोर काळोख नसून उसाचा डोंगर आहे, हे कळून हात ब्रेककडे जाईपर्यंत एक सेकंद गेलेला असतो. हंगामाच्या आरंभी परावर्तक पट्ट्या चिकटवण्याचे कार्यक्रम होतात, त्यांची छायाचित्रेही येतात. फेब्रुवारीत त्या पट्ट्या चिखलाने भरतात किंवा निघून पडतात. खरे तर या कामाला मोठा खर्च नाही. मागे लाल पट्टी आणि दिवा नसेल तर ट्रॉली वजनकाट्यावर घ्यायची नाही, एवढे कारखान्याने ठरवले, की आठ दिवसांत प्रत्येक ट्रॉलीला दिवा लागेल. उसाचे वजन होणार नाही म्हटल्यावर काय होते, हे शेतकऱ्याला आणि वाहतूकदाराला कोणी शिकवायला नको.

बँकेच्या नोकरीत माझी बरीच वर्षे अशाच गावांत गेली. १९८० च्या दशकात स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. १९८५ मध्ये शंभर सीसीची जपानी बनावटीच्या इंजिनाची मोटारसायकल आली आणि कमी पेट्रोलवर लांब पळणाऱ्या त्या गाडीने खेडे आणि तालुका यांतले अंतरच कमी केले. दूध डेअरीला, मुलगी कॉलेजला, आई दवाखान्यात, सगळे तिच्यावरून. त्या गाडीला नावे ठेवणे हा कृतघ्नपणा होईल. कर्जाच्या फाइलीत पगाराचा दाखला, जामीनदार, सातबारा, विमा असे सारे असे. गाडी बँकेकडे तारण. ती चालवणारे डोके मात्र विनातारण. दुचाकीबरोबर प्रमाणित हेल्मेट द्यावे, असे मोटार वाहन नियमांत लिहिलेले आहे. पण ‘गावातल्या गावात कशाला?’ या प्रश्नापुढे नियम थकतो. २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण गेले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. चांगल्या हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरच्या अभ्यासांची एकत्र छाननी सांगते. आणि डांबराचा कठीणपणा गावात आणि गावाबाहेर सारखाच असतो.

अपघाताची बातमी एका दिवसात शिळी होते. तिचा पुढचा भाग बँकेच्या काउंटरवर येतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा आदेश घेऊन एखादी तिशीची बाई, बरोबर सासरा किंवा भाऊ, बोटाला धरलेले मूल. भरपाईची रक्कम कोणी फसवून काढून घेऊ नये म्हणून अज्ञान मुलांचा वाटा मुदत ठेवीत ठेवावा, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकात घालून दिला. पावतीवर शेरा पडतो : न्यायाधिकरणाच्या परवानगीवाचून मोडू नये, कर्ज देऊ नये. व्याज दरमहा आईच्या खात्यात. मुदत मूल सज्ञान होईपर्यंत. चौदा-पंधरा वर्षांची ती पावती लिहिताना मुलाची जन्मतारीख दोनदा तपासावी लागे. अशा पावत्या पुढे मुदत संपल्यावर घेऊन येणारे तरुणही मी पाहिले आहेत. सहीसाठी पेन मागतात आणि पावतीवरची जुनी तारीख वाचत थोडे थांबतात.

ती रक्कम कशी ठरते, हे घरोघरी माहीत असायला हवे. समजा, महिना १५,००० रुपये मिळवणारा २८ वर्षांचा स्वतंत्र व्यवसाय करणारा गृहस्थ गेला. मागे पत्नी आणि दोन मुले. वर्षाचे उत्पन्न १,८०,०००. पुढे वाढले असते म्हणून ४० टक्के मिळवायचे : २,५२,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा : १,६८,०००. या वयाला गुणक १७. आले २८,५६,००० रुपये, शिवाय अंत्यविधी वगैरेंची थोडी रक्कम. तो अविवाहित असता तर निम्मे उत्पन्न त्याच्या स्वतःच्या खर्चाचे म्हणून वजा झाले असते. आणि हे सारे दुसऱ्या वाहनाची चूक सिद्ध झाली आणि त्याचा विमा चालू असला तर सहज वसूल होते. विमा नसेल तर मालकाच्या मागे लागणे आले. स्वतःच घसरून पडला असेल तर तृतीय पक्ष विम्यातून काहीच नाही. मालक-चालकासाठीचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतलेला असेल, तर तेवढाच आधार. आपल्या दुचाकीच्या विम्याचा कागद आज संध्याकाळी काढून पाहावा. तो कपाटात असतो, पण मुदत संपलेला असतो, असे पुष्कळ घरांत घडते.

सरकारदरबारी धोक्याची जागा ओळखण्याची रीत ठरलेली आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, की तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो आणि दुरुस्तीच्या यादीत जातो. म्हणजे आधी दहा तिरड्या मोजायच्या, मग फलक लावायचा. बैल गेला नि झोपा केला, तोही दहा बैल गेल्यावर! गावातल्या रस्त्यांवर तर मृत्यू विखुरलेले असतात. एक शाळेजवळ, एक बाजार समितीसमोर, एक पुलाच्या कठड्यापाशी. यादीत त्यांतला एकही बसत नाही.

बँकांना हे शहाणपण थोडे लवकर सुचले. ९० दिवस हप्ता थकला की कर्ज बुडीत वर्गात जाते. पण रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून त्याआधीच, ३० आणि ६० दिवसांच्या टप्प्यांवर, खाते वेगळे काढून त्याच्यावर लक्ष ठेवायला लावले. रस्त्यावरचे असे थकलेले हप्ते म्हणजे घसरलेल्या दुचाकी, थोडक्यात वाचलेली मुले, पुन्हा पुन्हा वाकलेला तोच खांब. नाक्यावरच्या पानवाल्याला, रिक्षाथांब्याला आणि हाडांच्या डॉक्टरला अशा जागा तोंडपाठ असतात. लिहून मात्र कोणी ठेवत नाही.

लक्ष घातले तर फरक पडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ जण गेले. त्या वर्षापासून सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिस यांनी एकेका जागेचा अभ्यास केला. उघड्या काँक्रीटपुढे कठडे आले, कडेला उभ्या राहणाऱ्या वाहनांकडे लक्ष गेले आणि पुढच्या वर्षांत आकडा शंभराच्या खाली उतरला. कायदाही बदलला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. दहावीच्या निकालाची भेट म्हणून किल्ली देण्यापूर्वी बापाने एवढे आठवावे. आणि जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला त्यासाठी दिवाणी वा फौजदारी जबाबदार धरता येत नाही. नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. ‘उगाच पोलिसांची झंझट’ म्हणून गाडी पुढे काढण्याचे कारण आता उरलेले नाही. १०८ क्रमांक फिरवायला तर कधीच भीती नव्हती.

प्रत्येक नगरपालिकेत जन्ममृत्यूची नोंदवही असते. तिच्या शेजारी आणखी एक वही ठेवायला काय लागते? तारीख, वेळ, जागा, वाहने, दिवा होता की नव्हता, हेल्मेट होते की नव्हते. पोलिस ठाणे, सरकारी दवाखाना आणि १०८ यांच्याकडून महिन्याला माहिती घ्यायची, किरकोळ अपघातही सोडायचे नाहीत. गावाचा नकाशा भिंतीवर लावून त्यावर टाचण्या टोचायच्या. वर्षभरात पाच-सहा जागी टाचण्यांची गर्दी दिसेल. तिथे एक दिवा, एक गतिरोधक, एक पांढरा पट्टा, कापलेली एक फांदी, एवढेच पुष्कळदा पुरेल. पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पाच्या सभेत नगरसेवकांनी त्या नकाशासमोर बसावे आणि कोणत्या टाचणीसाठी किती रुपये ठेवले, ते गावाला वाचून दाखवावे.