जुन्या संगणकाच्या वीजपेटीचा पुनरुपयोग

संगणक निकामी झाला म्हणजे तो भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्याची आपली रीत आहे. परंतु त्याच्या आंत पंखा असलेली जी पत्र्याची पेटी असते, ती पुष्कळदां शाबूत असते. हिलाच पॉवर सप्लाय म्हणतात. घरांतील २३० व्होल्टांच्या उलटसुलट प्रवाहापासून १२, ५ व ३.३ व्होल्टांचा एकदिश प्रवाह निर्माण करणें हें तिचें काम होय. विद्युत्प्रयोगांची आवड असलेल्या विद्यार्थ्यास बहुधा हेच दाब लागतात.

इंटेल कंपनीनें १९९५ सालीं एटीएक्स नांवाचा नमुना प्रसिद्ध केला. त्यांत तारांचे रंग ठरलेले आहेत. काळी तार शून्य दाबाची, पिवळी १२ व्होल्टांची, तांबडी ५ ची व नारिंगी ३.३ ची. निळीवर उणे १२ व्होल्ट असतात. जांभळीवर पेटी झोपलेली असतांनाही ५ व्होल्ट असतात. तथापि कांहीं कारखानदारांनीं हा क्रम मोडलेला आहे. म्हणून केवळ रंगावर विसंबूं नये, प्रत्येक तार मल्टिमीटरनें मोजून पाहावी.

पेटीस जागें करणारी तार हिरवी. ती काळ्या तारेस जोडली कीं पंखा फिरूं लागतो. सबब त्या दोहोंमध्यें एक लहानसें बटण बसवावें. कांहीं जुन्या पेट्या भारावांचून नीट चालत नाहींत. त्यांच्याकरितां तांबडी व काळी ह्यांमध्यें १० ओहमचा, १० वॅटचा रोधक जोडावा. ओहमच्या नियमाप्रमाणें त्यांतून अर्धा अँपियर प्रवाह जाऊन अडीच वॅट उष्णता होते. म्हणून तो मोकळ्या हवेंत ठेवावा.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, पेटी उघडावी काय? कित्येक हौशी लोक तिच्या पत्र्यासच भोकें पाडून जोडखुंट्या बसवितात. विद्यार्थ्यांनीं असें मुळींच करूं नये. पेटीच्या आंतील मोठ्या कपॅसिटरांत सुमारें ३२५ व्होल्टांचा भार सांठतो, आणि प्लग काढल्यावरही तो कांहीं काळ राहूं शकतो. तो धक्का जिवावर बेतूं शकतो. शिवाय पत्र्याचा एक कीस आंत पडला तरी घात होतो. आणि उघडण्याची गरज तरी काय? प्लग काढून ठेवून तारा बाहेरच लांब राखून कापाव्या, व एका लांकडी फळीवर खुंट्या बसवून तेथें जोडाव्या. नारिंगीबरोबर बारीक तपकिरी तार असल्यास ती नारिंगीसच जोडलेली ठेवावी. उरलेल्या तारांचीं टोंकें निरनिराळीं झांकावीं.

बाहेरचा दाब अल्प आहे, म्हणून तो निरुपद्रवी समजूं नये. ५ व्होल्टांच्या शाखेंतून २० अँपियरपर्यंतही प्रवाह मिळूं शकतो. त्यानें धक्का बसत नाहीं. पण दोन टोंकें चुकून एकत्र आलीं तर बारीक तार लाल होऊन तिचें वेष्टण पेटूं शकतें. टॉर्चच्या सेलवर शिकलेल्यास ह्याची कल्पना नसते. याकरितां प्रत्येक खुंटीमागें २ अँपियरचा फ्यूज घालावा. काळी तार पेटीच्या पत्र्याशीं व पृथ्वीशीं जोडलेली असते. यास्तव प्लग तीन टोंकांचाच असावा. पंख्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्या.

ह्या रीतीनें सिद्ध झालेली पेटी दिवे, लहान मोटारी व इलेक्ट्रॉनिक मंडलें चालविण्यास उत्तम होय. टाकाऊ वस्तूस कामाला लावणें हें चातुर्य खरें. परंतु तिचा कोणता भाग हाताळावा व कोणता बंदच ठेवावा हें ओळखणें, हाच ह्या प्रयोगांतील पहिला धडा आहे.