हिशेबाची वही

(गावोगावी लहान लहान संस्था लोकांच्या उपयोगाची कामे करतात. नफा मिळवणे हा त्यांचा हेतू नसतो आणि त्यांच्याजवळ पैसाही थोडाच असतो. मोफत किंवा थोड्या खर्चात मिळणारी नवी साधने वापरून अशा संस्था आपले काम कसे वाढवू शकतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, पूर्णा, पालम आणि जिंतूर असे नऊ तालुके आहेत. यांपैकी कोणत्याही तालुक्यातील एखाद्या मोठ्या गावात जा. तेथे तुम्हांला स्त्रियांचा बचत गट दिसेल. कुठे सार्वजनिक वाचनालय असेल, तर कुठे तरुणांचे मंडळ असेल. या संस्थांना मोठी इमारत नसते. पगारी नोकर नसतात. गावातलीच माणसे आपला वेळ देऊन त्या चालवतात.

मग अशा संस्थेची खरी पुंजी कोणती? तिची खरी पुंजी म्हणजे लोकांचा विश्वास. आपण दिलेला पैसा योग्य कामासाठी खर्च होतो, अशी खात्री असली तरच लोक संस्थेला मदत करतात. आणि हा विश्वास टिकतो तो हिशेबाच्या वहीवर.

बचत गटाचे उदाहरण घेऊ. दहा ते वीस स्त्रिया एकत्र येतात. प्रत्येक जण दरमहा ठरलेली रक्कम जमा करते. कोणाच्या घरी आजारपण आले, शाळेची फी भरायची असली, बी-बियाणे घ्यायचे असले, की त्या रकमेतून तिला कर्ज मिळते. तिला सावकाराच्या दारी जावे लागत नाही. कर्जावरचे व्याजही गटातच राहते. १९९२ मध्ये नाबार्ड या राष्ट्रीय बँकेने असे ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. पुढे ही चळवळ देशभर पसरली. चांगल्या गटासाठी पाच नियम सांगितले जातात. नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, कर्जाची नियमित परतफेड आणि नियमित हिशेब, हे ते पाच नियम. यांनाच पंचसूत्री म्हणतात.

पाचवा नियम ऐकायला सोपा वाटतो, पण गट अडखळतात ते बहुधा येथेच. गटातील सर्वच स्त्रियांना लिहितावाचता येते असे नाही. मग लिहिणारी एकच असते. तिला कधी वेळ मिळत नाही, तर कधी बेरीज चुकते. वही पावसात भिजते किंवा हरवते. बँकेचे अधिकारी कर्ज देण्यापूर्वी वही मागतात. वहीत चार महिन्यांची पाने कोरी असली, तर कर्ज अडून राहते. स्त्रियांनी पै पै करून पैसे साठवलेले असतात, पण ते सिद्ध करायला कागद नसतो.

या अडचणीवर उपाय म्हणून नाबार्डने १५ मार्च २०१५ रोजी 'ई-शक्ती' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यासाठी प्रथम दोन जिल्हे निवडले. एक झारखंडमधील रामगढ आणि दुसरा आपल्याच महाराष्ट्रातील धुळे. या उपक्रमात गावचा स्वयंसेवक गटाच्या बैठकीची माहिती मोबाईलवर भरतो. कोणी किती बचत केली, कोणी किती कर्ज फेडले, हे सारे त्यात येते. मग प्रत्येक सदस्य स्त्रीच्या मोबाईलवर तिच्या भाषेत लघुसंदेश जातो. गटाचा हिशेब बँकेलाही पाहता येतो. आधी हिशेब एकाच वहीत होता. आता तो सदस्य, गट आणि बँक या तिघांच्याही डोळ्यांसमोर आला.

पण एखादी सरकारी योजना येईपर्यंत लहान संस्थेने थांबून राहावे काय? तसे मुळीच नाही. यांतील पुष्कळशी कामे साध्या मोबाईलवरही करता येतात.

पहिले साधन म्हणजे हिशेबाचा तक्ता. मोबाईलवर आणि संगणकावर असे तक्ते मोफत मिळतात. त्यांत उभ्या आणि आडव्या ओळींचे चौकोन असतात. समजा, एका गटात १२ स्त्रिया आहेत आणि प्रत्येकीची मासिक बचत २०० रुपये आहे. तक्त्यात बारा नावांपुढे रकमा भरल्या, की खाली २,४०० ही बेरीज आपोआप येते. वर्षाचे २८,८०० रुपये झाले, हेही तो सांगतो. एखादीचा हप्ता राहिला, तर तिच्या नावापुढचा चौकोन रिकामा दिसतो.

मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. यंत्राला बेरीज येते, पण खरे-खोटे कळत नाही. २०० च्या जागी तुम्ही चुकून २० लिहिले, तर यंत्र मुकाट्याने २० च मिळवील. म्हणून बैठकीत प्रत्येकीची रक्कम मोठ्याने वाचून दाखवावी. ज्या स्त्रीला वाचता येत नाही, तिलाही मग आपला हिशेब कळतो. कागदाची वहीदेखील टाकून देऊ नये. वीज गेली, मोबाईल बिघडला, तरी वही हाताशी असते. दर बैठकीनंतर वहीच्या पानाचे छायाचित्र काढून दोघी-तिघींच्या मोबाईलवर ठेवले, तर वही हरवली तरी हिशेब हरवत नाही.

दुसरे साधन पैसे देण्या-घेण्याचे. दुकानात तुम्ही काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन पाहिला असेल. त्याला क्यूआर कोड म्हणतात. तो १९९४ मध्ये जपानमध्ये मोटारीच्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. भारतात २०१६ मध्ये यूपीआय ही पद्धत सुरू झाली आणि हाच चौकोन पैसे देण्यासाठी वापरात आला. वाचनालयाने आपल्या बँक खात्याचा असा चौकोन दारावर लावला, तर पुण्या-मुंबईला गेलेला गावकरीही त्याचे छायाचित्र मागवून घरबसल्या वर्गणी पाठवू शकतो. वर्गणी थेट खात्यात जमा होते आणि तिची तारीखवार नोंद राहते. परंतु हे खाते संस्थेच्याच नावाचे हवे. कोणा एकाच्या खासगी खात्यात संस्थेचा पैसा गेला, की संशयाला जागा होते.

तिसरे उदाहरण ग्रंथालयाचे पाहू. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता मिळते. त्यांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग असतात. वर्गानुसार सरकारी अनुदान मिळते. वरचा वर्ग हवा असेल, तर पुस्तके किती, वाचक किती, याची नोंद चोख लागते. ही नोंद ठेवण्यासाठी 'कोहा' नावाची मोफत संगणक प्रणाली आहे. न्यूझीलंडमधील एका लहानशा ग्रंथालय संस्थेला महागडी प्रणाली परवडत नव्हती. म्हणून तिने स्वतःसाठी ही प्रणाली करवून घेतली. २००० साली ती वापरात आली आणि मग त्यांनी ती साऱ्या जगाला मोफत दिली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. एका लहान संस्थेने दिलेली ही भेट आज अनेक देशांतील ग्रंथालये वापरतात.

चौथे साधन भाषेचे. आता मोबाईलवर मराठी आणि उर्दू या दोन्ही लिप्या लिहिता येतात. उर्दूसाठी सुंदर नस्तालिक अक्षरेही मोफत मिळतात. आरोग्य शिबिराची सूचना दोन्ही भाषांत लिहिली, तर मोहल्ल्यातील सर्व घरांपर्यंत ती पोहोचेल. येथे तुमचा फार उपयोग आहे. तुम्हांला दोन्ही भाषा येतात. हिशेबाचे तर शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. हिशेब, रक्कम, जमा, खर्च, बाकी, वसूल, तारीख हे मराठी शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. मराठीत ते कितीतरी शतके रुळले आहेत.

ही साधने वापरताना सावधपणाही हवा. सदस्यांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक सर्वांच्या गटावर पाठवू नयेत. मोबाईलवर आलेला गुप्त अंक कोणालाही सांगू नये. पैसे स्वीकारताना पिन कधीच द्यावा लागत नाही, हे घरातील मोठ्या माणसांना समजावून सांगा. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

आता संस्था वाढते ती कशी, ते पाहा. हिशेब चोख असला, की बँक कर्ज देते. दरवर्षी तपासलेला हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात वेळेवर देणारी नोंदणीकृत संस्था देणगीदारांनाही भरवशाची वाटते. शेजारच्या गल्लीतील स्त्रिया म्हणतात, "आम्हांलाही असा गट काढून द्या." असे एका गटाचे दोन गट होतात. मोबाईलने हे काम सोपे केले, पण त्याचा पाया मोबाईलने घातलेला नाही. तो घातला आहे खरे लिहिणाऱ्या आणि सर्वांना दाखवणाऱ्या माणसांनी.

तुमची अम्मी, खाला किंवा शेजारच्या मावशी एखाद्या बचत गटात असतील. पुढच्या बैठकीच्या दिवशी त्यांना विचारा, "तुमची वही मी पाहू का?" बेरीज तपासून द्या. तक्ता कसा भरायचा ते शिकवा. आणि पुढच्या खेपेला तो त्यांनाच भरू द्या.

शब्दार्थ
पुंजी – भांडवल, साठवलेले धन
परतफेड – घेतलेले कर्ज परत देणे
उपक्रम – हाती घेतलेले काम
लघुसंदेश – मोबाईलवर येणारा छोटा निरोप
अनुदान – सरकारकडून मिळणारी आर्थिक मदत
चोख – बिनचूक

स्वाध्याय
१. लहान संस्थेची खरी पुंजी कोणती?
२. बचत गटाची पंचसूत्री लिहा.
३. 'यंत्राला बेरीज येते, पण खरे-खोटे कळत नाही.' असे लेखक का म्हणतो?
४. तुमच्या घरातील एका महिन्याचा जमाखर्च तक्त्यात लिहा.
५. पाठात आलेल्या फारसी-अरबी शब्दांसारखे आणखी पाच मराठी शब्द शोधा.