पाव

पाव : उच्चार व लेखन सारखे असूनही उगमाने परस्परांशी संबंध नसलेल्या शब्दांना समरूप शब्द म्हणतात. मराठीतील ‘पाव’ हे त्यांचे बोलके उदाहरण होय.

‘पाव किलो’ यातील पाव संस्कृत ‘पाद’ या शब्दापासून प्राकृतातून आला. चतुष्पाद प्राण्याचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, या कल्पनेने पाद शब्दास संस्कृतातच चतुर्थांश हा अर्थ प्राप्त झाला होता. पावशेर, पावली, तसेच सव्वा (सपाद) व पाऊण (पादोन) हे शब्द याच कुळातील. ‘पाय’ हाही पादाचाच वंशज. ‘देव पावला’ यातील ‘पावणे’ हे क्रियापद मात्र प्र + आप् (मिळवणे, पोहोचणे) या धातूपासून, प्राकृत ‘पावइ’ या रूपाच्या द्वारे सिद्ध झाले आहे.

खाण्याचा पाव पोर्तुगीज आहे. लॅटिन ‘पानेम’ या रूपातील न् लोपून मागील स्वर सानुनासिक झाला आणि पोर्तुगीजमध्ये साधारणतः ‘पाँव’ असा उच्चार रूढ झाला. १५१० मध्ये गोव्यात पोर्तुगीज सत्ता आल्यानंतर पदार्थाबरोबर शब्दही येथे रुजला. मराठीत त्यातील अनुनासिक गळाले. पाव भाजणाऱ्यास गोव्यात ‘पोदेर’ म्हणतात, तोही पोर्तुगीज ‘पादैरु’चाच अपभ्रंश.

या पावाचे पीठ पायांनी तुडवीत, म्हणून तो ‘पाव’, अशी एक व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते. हिंदीतील ‘पाँव’ शब्दामुळे ती पटण्यासारखी वाटते. पण ती निराधार असून पाव भाजणाऱ्यांवर विनाकारण किटाळ आणणारी आहे. जोडपावाच्या लादीचा चौथा भाग म्हणून पाव, हे स्पष्टीकरणही तसेच. पोर्तुगीजांचा भारताशी संबंध येण्यापूर्वीपासून हा शब्द त्यांच्या भाषेत होता आणि स्पॅनिश ‘पान’, इटालियन ‘पाने’ ही त्याची सख्खी भावंडे आहेत.

ध्वनिसाम्य हा नात्याचा पुरावा नव्हे; पुरावा असतो तो नियमित ध्वनिपरिवर्तनाचा. ‘पाद’ व इंग्रजी ‘फुट’ कानाला वेगळे वाटतात, तरी ते एकाच मूळ इंडो-यूरोपीय शब्दापासून निघाले आहेत. संस्कृत प् च्या जागी इंग्रजीत फ् (पितृ–फादर) आणि द् च्या जागी ट् (दशन्–टेन) हा बदल अनेक शब्दांत आढळतो. त्यामुळे चतुर्थांशवाचक पाव ‘फुट’चा दूरचा नातलग ठरतो, खाण्याच्या पावाचा नव्हे.

१५४३ मध्ये पोर्तुगीज जपानला पोहोचले. तेथेही त्यांनी हाच शब्द नेला. पण जपानीत त्याचे रूप ‘पान’ असे झाले. मराठीत ‘पान’ (झाडाचे) संस्कृत ‘पर्ण’पासून आले आहे, तर ‘मद्यपान’ यातील पान ‘पा’ (पिणे) या धातूपासून. चेक भाषेत ‘पाव्’ असा लिहिला जाणारा शब्द आहे. त्याचा अर्थ मोर, व तो लॅटिन ‘पावो’ या पक्षिनामाशी निगडित आहे.