घराबाहेरचा कॅमेरा : कोठे आणि कसा बसवावा?

चातुर्मासात साधू-साध्वींच्या दर्शनासाठी, किंवा शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या अथवा जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या यात्रेसाठी सेनगावातील एखादे कुटुंब चार-आठ दिवस घर बंद करून निघते, तेव्हा कुलपाच्या जोडीला दारावर कॅमेरा असावा असे आता बहुतेकांना वाटते. तो कोणत्या कंपनीचा घ्यावा याची चर्चा पुष्कळ होते. भिंतीवर कोठे बसवावा, हे मात्र शिडी घेऊन आलेल्या मुलावर सोपवले जाते.

सर्वसाधारण कल तो गच्चीच्या कठड्याखाली, शक्य तितक्या उंच लावण्याकडे असतो. तेथून अंगण सगळे दिसते; पण येणाऱ्याची टोपी दिसते, चेहरा दिसत नाही. बँकेत असताना हाच प्रकार पाहिला आहे : चित्र स्वच्छ, माणूस अनोळखी. जमिनीपासून आठ ते दहा फूट उंची पुरेशी. तेथे सहज हात पोहोचत नाही आणि चेहराही सापडतो. घर पूर्वाभिमुख असेल, तर सकाळचे ऊन थेट भिंगात शिरणार नाही असा कोन साधावा. छज्जाच्या अगदी लगत कॅमेरा लावल्यास त्याचे रात्रीचे अवरक्त किरण छज्जावरून परत येतात आणि चित्र पांढुरके होते.

भिंत विटा-सिमेंटची असेल तर प्लास्टिकची गिट्टी व स्क्रू पुरतात. दगड-मातीच्या जुन्या भिंतीत मात्र गिट्टी धरत नाही. वाऱ्याने कॅमेरा हलतो आणि मोबाइलवर उगाच इशारे येत राहतात. अशा घरी चौकटीवरच्या लाकडी तुळईचा किंवा अंगणातल्या लोखंडी खांबाचा आधार घ्यावा. तारेचे भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते असावे आणि आत शिरण्यापूर्वी तारेला खाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून भिंतीत न जाता तेथेच टपकते.

रात्री रंगीत चित्र देणारे कॅमेरे पांढरा दिवा लावतात. त्यावर किडे-पाखरे झेपावतात. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नियम पाळला जातो, तेथे दारावरच हा दिवा रात्रभर जळावा हे मनाला पटत नाही. अवरक्त किरणांचे चित्र काळे-पांढरे असते, पण त्याकडे कीटक फारसे ओढले जात नाहीत. कोळी मात्र आडोशाला जाळे विणतोच. त्यावर औषध फवारण्याऐवजी कॅमेरा कोपऱ्यापासून थोडा दूर बसवावा आणि जाळे मऊ कुंच्याने, कोळ्याला सांभाळून, बाजूला सारावे. वळचणीला चिमणीचे घरटे असेल, तर पिले उडेपर्यंत तेथे भोक पाडू नये.

सर्वांत नाजूक प्रश्न शेजाऱ्याचा. आपल्याकडच्या अरुंद बोळांत दारावरचा कॅमेरा समोरच्या ओट्यावर सहज जाऊन बसतो. तेथे कोणी धान्य निवडत असते, कोणी केस वाळवत असते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने, एकाच वास्तूत राहणाऱ्या सहरहिवाशांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीवाचून निवासी भागात लावलेल्या कॅमेऱ्यांविरुद्ध निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. एका अंगणात दोन भावांच्या चुली असलेल्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. भावाच्या दाराकडे रोखलेला कॅमेरा चोर पकडेल न पकडेल, बोलणे मात्र बंद पाडतो.

बहुतेक यंत्रांत चित्राचा नको तो भाग झाकून टाकण्याची सोय असते. ती जरूर वापरावी. तरी समोरच्याला ती झाकण दिसत नाही, भिंग दिसते. म्हणून ड्रिल चालवण्यापूर्वी एकाने कॅमेरा हातात धरून उभे राहावे, दुसऱ्याने मोबाइल पाहावा. आणि हे एकदा दिवसा, एकदा अंधार पडल्यावर करावे. त्याच वेळी समोरच्या घरच्यांना बोलावून ते चित्र दाखवावे. त्यांच्या ओट्याचा कोपरा येत असेल तर ते स्वतःच बोट दाखवतील, आणि भोक दोन वीत अलीकडे पाडता येईल.